चिलटाएवढ्या कामाला नाव देणारी मेरी

चिलट म्हटलं की आपला हात आपोआप झटकला जातो. पिकल्या केळ्यांभोवती, संध्याकाळी दिव्याभोवती घोंघावणारा एवढासा जीव. त्याला कोण किंमत देणार? पण मैत्रिणींनो, ह्याच चिलटाची हुबेहूब नक्कल रेशमाचा धागा, चिमूटभर लोकर आणि कोंबड्याचं एखादं पीस घेऊन बोटांनी बांधायची, असा एक कसबी उद्योग जगात शेकडो वर्षं चालत आला आहे. आणि या उद्योगात बायकांचे हात फार मोठ्या संख्येने राबले आहेत. त्यातल्याच एकीची गोष्ट आज सांगायची आहे. तिचं नाव मेरी ऑर्व्हिस मार्बरी.

आता चिलट कशाला बांधायचं, असा प्रश्न पडला असेल. तर ते बांधायचं मासे पकडायला. आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात, नाहीतर कणकेची गोळी. पण थंड प्रदेशातल्या स्वच्छ, खळाळत्या पाण्यात ट्राउट नावाचा मासा असतो. इंग्रजांनी तो आपल्या काश्मीरमध्ये आणि हिमाचलमध्येही आणून सोडला. हा मासा मोठा चोखंदळ. पाण्यावर तरंगणारे, पाण्यातून वर येणारे बारीक किडे हे त्याचं आवडतं खाणं. खरा किडा इतका नाजूक असतो की गळाला टोचायला गेलं तर त्याचा चुराच होतो. म्हणून मग गळावरच खोटा किडा बांधायची युक्ती निघाली. त्याला म्हणतात फ्लाय, म्हणजे आपल्या भाषेत माशी. माशाला फसवणारी माशी!

मेरीचा जन्म १८५६ सालचा. अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचं डोंगराळ राज्य आहे. तिथल्या मँचेस्टर गावात ती जन्मली. गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेलं इंग्लंडमधलं मँचेस्टर वेगळं. हे आपलं डोंगराच्या कुशीतलं लहानसं गाव. जवळून बॅटनकिल नावाची नदी वाहते आणि ती ट्राउटसाठी नावाजलेली आहे. मेरीचे वडील चार्ल्स ऑर्व्हिस यांनी याच गावात, मेरीच्या जन्माच्याच वर्षी, गळाच्या काठ्या आणि मासेमारीचं इतर सामान विकायचा व्यवसाय सुरू केला. काकांचं गावात मोठं हॉटेल होतं. उन्हाळ्यात शहरातले पैसेवाले लोक हवापालटासाठी तिथे यायचे. आले की नदीवर जायचे, आणि नदीवर जायचं तर काठी हवी, दोरी हवी, माश्या हव्यात. दुकान चालायला आणखी काय लागतं?

थोडक्यात काय, मेरी आणि तिच्या घरचा धंदा एकाच वयाचे. दोघं बरोबरच वाढले.

१८७६ साली मेरी वीस वर्षांची झाली, आणि कंपनीतला माश्या बांधण्याचा विभाग तिच्या हाती आला. वडिलांनी न्यूयॉर्कहून जॉन हेली नावाचा एक कसबी कारागीर शिकवायला आणला होता. मेरी त्याच्याकडून शिकली, मग गावातल्या मुली या कामावर घेतल्या गेल्या, आणि त्यांच्या कामाची देखरेख मेरी करू लागली. त्या काळात अमेरिकेत बायकांना मतदानाचा हक्कही नव्हता. तो देशभर मिळाला १९२० साली. अशा दिवसांत एक तरुण मुलगी एका विभागाची प्रमुख होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, तिचं जॉन मार्बरी यांच्याशी लग्न झालं. ते लग्न काही सुखाचं झालं नाही. मार्बरी हे आडनाव मात्र तिच्या नावापुढे कायमचं राहिलं आणि पुढे पुस्तकावरही तेच छापलं गेलं. संसार हातून निसटला तरी हातातलं काम तिने निसटू दिलं नाही.

हे काम असतं तरी कसं? सगळ्यात अवघड अशा लहानात लहान माशीचंच उदाहरण घेऊ या, म्हणजे चिलटाचं. गळाला नंबर असतात. आपल्या दोऱ्याच्या रिळाचा नंबर जसा वाढतो तसा दोरा बारीक होतो, अगदी तसंच इथेही आहे. नंबर मोठा तेवढा गळ लहान. आज चिलटासाठी अठरा, वीस, बावीस अशा नंबरांचे गळ वापरतात. वीस नंबरचा गळ म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा समजा. एवढ्याशा लोखंडावर अंग, पंख, पाय सगळं बसवायचं!

आधी गळ एका छोट्या पकडीत घट्ट बसवायचा. जुन्या काळी अनेक कारागीर तो नुसत्या चिमटीत धरूनच काम करत. रेशमाच्या बारीक धाग्याला मेण लावायचं, म्हणजे तो घसरत नाही आणि पाण्यातही टिकतो. धाग्याचे वेढे गळाच्या पुढच्या टोकापासून मागच्या वळणापर्यंत शेजारी शेजारी बसवत न्यायचे. एकावर एक चढला की अंग जाड झालं, आणि जाडं चिलट कुणी पाहिलंय? चिलटाचं अंग बारीकच हवं. मग हवी तर अगदी बारीक तार अंगावर लांब लांब वेढ्यांनी फिरवायची, म्हणजे किड्याच्या अंगावर असतात तशी वळी दिसतात. छातीशी चिमूटभर लोकर नाहीतर मोरपिसाचा एक तंतू दोन-तीनदा गुंडाळायचा. हो, आपल्या मोराचं पीस! त्याची हिरवी-तांबूस झळाळी किड्याच्या अंगासारखी दिसते, म्हणून जगभर ते वापरलं जातं. शेवटी कोंबड्याच्या मानेचं अगदी लहान पीस पुढच्या बाजूला दोनच वेढे फिरवायचं. त्याचे केस उभे राहतात, तेच किड्याचे पाय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. डोक्यापाशी जागा राखायची. ब्लाउज बेतताना शिलाईचं कापड सोडतो ना, तसंच. सुरुवातीला हात उत्साहाने पुढेपुढे जातो आणि गाठ मारायला जागाच उरत नाही. मग सगळं उसवा आणि पुन्हा बांधा. जागा राखली असेल तर धागा त्याच्या स्वतःच्याच वेढ्यांखालून ओढून गाठ बसवायची आणि वर वार्निशचा एक थेंब द्यायचा. झालं चिलट तयार. बघणाऱ्याला वाटेल, दोन मिनिटांचं काम. पण बोटांना ते वळायला कित्येक महिने जातात.

मेरीच्या काळात यात आणखी एक अडचण होती. आजच्या गळाला सुईसारखं नेढं असतं, त्यात दोरी ओवता येते. तेव्हा बहुतेक गळ बिननेढ्याचे असत. म्हणून माशी बांधतानाच गळाला एक पारदर्शक तंतू जोडावा लागे. हा तंतू रेशमाच्या किड्याच्या पोटातल्या ग्रंथींपासून करत. कोरडा असला की तो कडक, तटकन तुटणारा. पाण्यात भिजवला की मऊ होणारा. म्हणजे आधी तंतू भिजवा, मग बांधा, मग वाळवा. शेवया वाळवण्याइतकाच चिकाटीचा खटाटोप.

आणि ही सगळी मेहनत का, तर खरं चिलट ट्राउटच्या फार उपयोगाचं असतं म्हणून. पाण्यातल्या चिलटाची अळी तळाच्या गाळात वाढते. मग तिचा कोष होतो, तो हळूहळू वर येतो आणि पाण्याच्या पृष्ठभागाला लटकून राहतो. कोष फुटतो, चिलट बाहेर पडून उडून जातं. इतर किडे ठरावीक हंगामात येतात, पण काही जातींची चिलटं ऐन हिवाळ्यातसुद्धा निघतात. एकेकटं चिलट म्हणजे माशाच्या घासातला कणही नाही, पण ती निघतात हजारोंनी. आणि एकदा मासा चिलटं टिपायला लागला की मोठी, भडक माशी समोर नाचवली तरी तो ढुंकून पाहत नाही. त्याला हवं असतं ते चिलटच. लहान वस्तूचं काम लहानच वस्तू करते.

मेरीच्या हाताखाली मुलींची बोटं चालू लागली, पण एक मोठा घोळ होता. तो होता नावांचा. एकच माशी एका गावात एका नावाने ओळखली जायची, तर दुसऱ्या गावात भलत्याच. उलट एकाच नावाखाली तीन ठिकाणी तीन वेगळ्या माश्या बांधल्या जायच्या. कुणी पिवळं अंग करायचं, कुणी तपकिरी. दुकान टपालाने माल पाठवणारं. शेकडो मैलांवरून गिऱ्हाइकाचं पत्र येणार, अमुक माशी डझनभर पाठवा. आता अमुक म्हणजे नेमकी कोणती? चुकीचा माल गेला तर गिऱ्हाईक नाराज, आणि बांधणारीची मेहनत वाया.

आपल्या स्वयंपाकघरात हे अगदी असंच होतं, नाही का? एकीची आमटी दुसरीकडे कट होते, आणि मीठ अंदाजाने, गूळ अंदाजाने. कमलाबाई ओगले यांनी १९७० साली ‘रुचिरा’ आणलं आणि त्या अंदाजाला वाटी-चमच्याचं माप दिलं. मग सासरी-माहेरी कुणाला विचारायची सोय नसलेल्या मुलीही नीट स्वयंपाक करू लागल्या. मेरीने जवळपास हेच काम माश्यांच्या बाबतीत केलं.

ऑर्व्हिस कंपनीने देशभरातल्या मासेमारांना पत्रं पाठवली. तुमच्या भागात कोणती माशी चालते, ती कधी आणि कशी वापरता, असं विचारलं. उत्तरांचा पाऊस पडला. दोनशेहून जास्त लोकांनी लिहून कळवलं. मेरीने ही पत्रं राज्यवार लावली, माश्यांची नावं ताडून पाहिली, आणि कोणती माशी कुणी काढली, तिला हे नाव का पडलं, याचा शोध घेतला. त्यातून १८९२ साली एक जाडजूड पुस्तक तयार झालं. ‘फेव्हरिट फ्लाइज अँड देअर हिस्टरीज’, म्हणजे आवडत्या माश्या आणि त्यांच्या कहाण्या. पाचशेहून अधिक पानं, बत्तीस रंगीत चित्रपानं आणि त्यांवर जवळपास तीनशे माश्या.

ही चित्रं दगडावरच्या रंगीत छपाईची होती. एकेका रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक ठसे उमटवायचे आणि शेवटी चित्र पुरं व्हायचं. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी पोचवल्या, ती छपाई याच जातीची. आता गिऱ्हाइकाला शब्दांवर विसंबायची गरज उरली नाही. चित्र बघा, नाव वाचा, मागवा. आणि बांधणारीलाही नमुना समोर मिळाला.

कहाण्या तरी किती गमतीच्या! ‘प्रोफेसर’ नावाची एक माशी आहे. स्कॉटलंडचे प्राध्यापक जॉन विल्सन यांच्यावरून ते नाव पडलं. मेरीने लिहिलं आहे की एकदा नदीवर त्यांच्याजवळच्या माश्या संपल्या. तेव्हा त्यांनी काठावरच्या पिवळ्या रानफुलाच्या पाकळ्या गळाला बांधल्या, पंखांच्या जागी गवतपात्याचे तुकडे लावले, आणि मासे लागले! त्यावरून पुढे पिवळ्या रेशमी अंगाची माशी बांधू लागले. ‘परमाचिनी बेल’ ही लाल-पांढऱ्या पंखांची नखरेल माशी हेन्री वेल्स यांनी काढली. आणि या झगमगाटात एक साधीसुधी ‘ब्लॅक नॅट’ही आहे. ब्लॅक नॅट म्हणजे सरळ आपलं काळं चिलट. काळं अंग, काळं पीस, राखी पंख. नटवं काही नाही, पण तिलाही पुस्तकात तिची हक्काची जागा मिळाली.

एक धागा आपल्या सह्याद्रीपर्यंतही येतो. त्या काळी मोठ्या माशांसाठी भरजरी माश्या बांधत, त्यात एका पिसाला फार मागणी होती. आपल्याकडच्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस. पश्चिम घाटाच्या जंगलात पहाटे आरवणारा हा पक्षी. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब पडल्यासारखे पांढरे-पिवळे चकचकीत ठिपके असतात. पाण्यात ते लहान मासोळीच्या डोळ्यांसारखे दिसतात. या पिसांपायी किती पक्षी मारले गेले असतील! पुढे आपल्या देशाने त्यांची निर्यात बंद केली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला संरक्षणही मिळालं. आता परदेशातले कारागीर तिथे पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. कसब कितीही सुंदर असलं तरी त्याची किंमत कोण मोजतं, हेही पाहावंच लागतं. मला या कामाचं कौतुक आहे, पण रानकोंबडा रानातच शोभतो.

पुस्तक निघालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. स्वामी विवेकानंदांचं भाषण गाजलं ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, म्हणून शिकागो आपल्याला माहीत. त्या प्रदर्शनात ऑर्व्हिस कंपनीने मोठमोठे फलक मांडले. त्यांवर ठिकठिकाणच्या नद्या-तळ्यांची छायाचित्रं आणि शेजारी खऱ्याखुऱ्या माश्या लावलेल्या. खेड्यातल्या मुलींच्या बोटांचं काम जगासमोर भिंतीवर टांगलं गेलं. ते फलक आज मँचेस्टरच्याच संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

मेरीचं पुस्तक खपलं, पुन्हा पुन्हा छापावं लागलं. मासेमारीवरची पुस्तकं लिहिणारे बहुतेक सगळे पुरुषच, तेव्हाही आणि नंतरही. त्यांच्या कपाटात एका बाईचं पुस्तक मानाने जाऊन बसलं, आणि नमुन्याबद्दल वाद झाला की तेच उघडून पाहिलं जाऊ लागलं. १९१४ साली मेरी गेली. वय फक्त ५८. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. कंपनी भावांकडे आली आणि पुढे दुसऱ्या मालकांकडे गेली. मेरीचं पुस्तक मात्र शंभर वर्षांनंतरही अभ्यासक हातात घेतात. कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कोणत्या पाण्यावर कोणती माशी चालायची, हे इतक्या विस्ताराने दुसरीकडे सापडणं कठीण.

तरी एक गोष्ट मला खटकते. पुस्तकावर नाव मेरीचं आहे आणि ते योग्यच आहे. आतमध्ये माशी काढणाऱ्या पुरुषांची, पत्र लिहिणाऱ्या गिऱ्हाइकांची नावं आहेत. पण दिवसभर खिडकीच्या उजेडात मान खाली घालून ज्या मुलींनी त्या माश्या बांधल्या, त्यांची नावं मुखपृष्ठावर नाहीत. माशी काढणं म्हणजे एकदा सुचणं. बांधणं म्हणजे हजारदा तेच, आणि हजारावी माशी पहिलीसारखीच उतरवणं. दुसरं काम पहिल्यापेक्षा कमी कसं म्हणायचं? मेरीला ते नक्की माहीत असणार, कारण ती त्याच कामातून वर आली होती.

आपल्या गावांतही अशी चिमटीतली कामं करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. कुणी घरी बसून राख्या बांधतं, कुणी साडीला फॉल-बीडिंग करून देतं, कुणी गोधड्या शिवतं, कुणी मण्यांचे दागिने ओवतं. नगावर पैसे, तेही दुकानदार देईल तेव्हा. राखी बहिणीच्या नावाने भावाच्या हातात जाते, पण ती बांधणारीचं नाव कुठेच नसतं. काम लहान म्हणून मोबदला लहान, आणि मोबदला लहान म्हणून कामालाही कुणी कसब म्हणत नाही. हे चक्र फिरतच राहतं.

मेरीच्या आयुष्यातून मी एकच गोष्ट उचलते. कामाला नाव द्या आणि ते लिहून ठेवा. तिने काही नवा किडा शोधला नाही की नवा गळ काढला नाही. लोकांच्या बोटांत आणि तोंडात जे होतं ते तिने गोळा केलं, ताडून पाहिलं, नमुना ठरवला आणि कागदावर उतरवलं. तेवढ्यानेच बोटांतल्या कामाचा व्यवसाय झाला आणि व्यवसायाची विद्या झाली.

तेव्हा तुमच्या घरी आजीच्या गोधडीला एखादा वेगळा टाका असेल, आत्याच्या रुखवतातल्या मोत्यांच्या विणीला काही खास नाव असेल, शेजारच्या काकूंची राखी बांधायची एखादी खाशी पद्धत असेल, तर या सुट्टीत एक वही काढा. टाक्याचं नाव लिहा, तो कसा घालायचा ते लिहा, जमलं तर छोटा तुकडा करून पानाला शिवा. आणि त्याखाली घालणारीचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख टाकायला विसरू नका.